ब्रीद आणि भरवसा : मंगळवेढ्याच्या संतपरंपरेतील देववचनाचा समीक्षात्मक विचार

सारांश

देव आपला शब्द पाळतो, हा विश्वास वारकरी भक्तीचा पाया मानला जातो. मराठी संतसाहित्यात या विश्वासाचे निदर्शक म्हणून 'ब्रीद' ही संज्ञा वारंवार येते. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे या एकाच गावाशी निगडित असलेल्या दामाजीपंत, कान्होपात्रा आणि चोखामेळा यांच्या संदर्भात या संकल्पनेचा विचार केला आहे. संतांचे अभंग आणि संतांची पुढे रचली गेलेली चरित्रे यांतील देववचनाचे स्वरूप सारखे नाही. चरित्र वचनपूर्ती सांगते, तर अभंग वचनपूर्तीची वाट पाहतो. हा भेद लक्षात न घेतल्यास अभंगातील भरवशाचे खरे मोल हाती लागत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : ब्रीद, भरवसा, अभंग, संतचरित्र, मंगळवेढे, पतितपावन

१. प्रास्ताविक

मराठी संतसाहित्याच्या समीक्षेत भक्तांच्या श्रद्धेविषयी दोन भूमिका प्रामुख्याने आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार देवावरील भरवसा हे संतांच्या आत्मिक सामर्थ्याचे उगमस्थान होय. दुसऱ्या भूमिकेनुसार याच भरवशामुळे अन्याय सोसण्याची वृत्ती बळावली आणि ऐहिक संघर्षाची धार बोथट झाली. गं. बा. सरदार यांनी 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथात संतांच्या कार्याचे सामाजिक मूल्यमापन करून या चर्चेला निश्चित दिशा दिली. त्यानंतरच्या अर्धशतकाहून अधिक काळात या विषयावर विपुल लेखन झाले आहे.

तथापि या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. भरवसा म्हणजे मनाची निःशंक, शांत अवस्था होय, असे ते गृहीतक आहे. एक पक्ष तिला सामर्थ्य मानतो, दुसरा दौर्बल्य. परंतु संतांच्या अभंगांत भरवसा नेहमी शांत असतो काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. नामदेवांचे देवाशी भांडण, तुकोबांची देवाला केलेली कठोर विचारणा आणि कर्ममेळ्याची कडवट तक्रार पाहता या गृहीतकाची फेरतपासणी आवश्यक ठरते.

या तपासणीसाठी मंगळवेढे हे गाव निवडण्यास सबळ कारण आहे. पंढरपूरच्या शेजारचे हे गाव ज्वारीसाठी प्रसिद्ध असून येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकन मिळाले. अवर्षणप्रवण प्रदेशातील या गावाने एक ब्राह्मण अधिकारी, एक गणिकाकन्या आणि एक महार कुटुंब असे भिन्न सामाजिक स्तरांतील भक्त वारकरी परंपरेला दिले. देव एकच, गावही एकच. परंतु देवाच्या शब्दाचा प्रत्येकाला आलेला अनुभव मात्र वेगळा. तुलनात्मक विवेचनास याहून अनुकूल सामग्री क्वचितच मिळेल.

२. 'ब्रीद' : संकल्पनेचे स्वरूप

'ब्रीद' हा शब्द संस्कृत 'बिरुद' या शब्दावरून आलेला आहे. बिरुद म्हणजे राजाने वा वीराने धारण केलेली, चारचौघांत मिरवलेली पदवी. बिरुद खाजगी नसते. ते भाटांनी गायलेले असते आणि प्रजेने ऐकलेले असते. त्यामुळे बिरुदाला न जागणारा राजा केवळ वचनभंग करीत नाही, तर लोकांत हसे करून घेतो. संतांनी हा शब्द देवाला लावला तेव्हा त्यातील हा सार्वजनिक आशयही सोबत आला. 'पतितपावन', 'अनाथनाथ', 'दीनदयाळ' ही देवाची नावे भक्ताच्या दृष्टीने केवळ स्तुतिपर विशेषणे राहत नाहीत; ती देवाने जगापुढे दिलेली कबुली ठरतात.

यातून भक्ताच्या हाती एक अधिकार येतो. देव पतितपावन असेल, तर पतिताचा त्याच्यावर हक्क आहे. पतिताचा उद्धार झाला नाही, तर उणेपणा पतिताकडे नव्हे, देवाच्या नावाकडे येतो. संतांच्या अनेक अभंगांत देवाला त्याच्या 'लाजे'ची आठवण करून दिलेली दिसते, ती या तर्काला अनुसरूनच. येथे भरवसा म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. देवाला त्याच्याच शब्दात धरणे होय.

ख्रिस्ती परंपरेशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सोलापुरात सुरू झाले आणि बायबलची मराठी परिभाषा या भागातील वाचकांच्या परिचयाची झाली. त्या परिभाषेत देवाच्या शब्दाला 'अभिवचन' म्हणतात, तर बायबलच्या दोन भागांना 'जुना करार' व 'नवा करार' अशी नावे आहेत. करारात दोन पक्ष असतात आणि दोघांनाही अटी असतात. ब्रीद मात्र एकतर्फी आहे. भक्ताने अट पाळली म्हणून देव बांधला जात नाही. देव स्वतःच्या नावामुळे बांधलेला असतो. असे असले तरी जुन्या करारातील स्तोत्रकर्ता आणि ईयोब हेही देवाला जाब विचारतात. दोन्ही परंपरांत जाब विचारणारा मनुष्य श्रद्धेच्या बाहेर गेलेला नसतो, ही समानता महत्त्वाची आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगितले होते. त्या सेतूच्या बांधणीत ही समानता निश्चितच असावी.

३. दामाजीपंत : पावती मिळालेले वचन

दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी सत्तेचे मंगळवेढ्यातील अधिकारी होत. भीषण दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याची आज्ञा दिली. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम बिदरच्या दरबारात भरली व तिची पावती मिळवून दामाजीपंतांच्या पोथीत ठेवली, अशी ही सुपरिचित कथा आहे. महिपतीने 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली. जस्टिन अॅबट यांच्या इंग्रजी अनुवादामुळे १९३३ नंतर हा ग्रंथ मराठीबाहेरील वाचकांपर्यंतही पोहोचला.

या कथेतील देववचनाचे स्वरूप लक्षणीय आहे. दामाजीपंतांनी कोठार उघडताना देवाकडून कोणतीही हमी मागितलेली नाही. भुकेलेल्या माणसांना अन्न देणे हे त्यांच्या दृष्टीने त्या क्षणीचे कर्तव्य होते. वचनपूर्ती नंतर येते, आणि ती येते हिशेबाच्या भाषेत : थैली, रक्कम, मोजणी आणि पावती. राज्यव्यवहाराच्या जगात देव राज्यव्यवहाराचेच नियम पाळून शब्द राखतो. तो बादशहाचा दरबार उलथून टाकीत नाही, थकबाकी भरतो.

याच गावाशी जोडलेल्या आणखी एका कथेशी तिचे साम्य आहे. कलचुरी बिज्जलाच्या राजवटीत मंगळवेढे हे राजधानीचे ठिकाण होते आणि बसवेश्वरांच्या आयुष्याचा काही काळ येथे गेला. राजाचे भांडार जंगमांवर उधळल्याचा आरोप त्यांच्यावर आला व तपासणीत भांडार पूर्ण भरलेले आढळले, अशी कथा शरण परंपरेत सांगितली जाते. सार्वजनिक धन लोकांसाठी वेचणारा अधिकारी आणि अखेर जुळलेला हिशेब, हे दोन्ही कथांतील समान सूत्र होय. एका कथेने दुसरी घडवली असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु सत्तेच्या हिशेबापेक्षा देवाचा हिशेब अधिक विश्वसनीय आहे, ही या परिसरातील लोकमानसाची धारणा दोन्हींतून प्रकट होते.

येथे एका मर्यादेचीही नोंद घ्यावी लागते. दामाजीपंत आपल्याला भेटतात ते प्रामुख्याने चरित्रकथेतून. पावती मिळण्यापूर्वी, शिपाई दाराशी आले असताना त्यांच्या मनाची अवस्था काय होती, हे सांगणारा त्यांचा स्वतःचा उद्गार आपल्या परिचयाचा नाही. त्यामुळे वाचकासमोर येतो तो फळाला आलेला भरवसा. शिवाय देवाने या कामासाठी महाराचे रूप घेतले, ही गोष्ट कथेने गौरवाने सांगितली. पण खऱ्या महाराला त्या देवाच्या देवळात प्रवेश नव्हता, या वास्तवाविषयी कथा मौन पाळते.

४. कान्होपात्रा : अखेरच्या क्षणीचा तगादा

कान्होपात्रा ही मंगळवेढ्यातील श्यामा नावाच्या गणिकेची कन्या. तिने आईचा व्यवसाय नाकारून पंढरीची वाट धरली. तिच्या सौंदर्याची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला आणण्यासाठी शिपाई पाठवले. अखेरचे दर्शन घेण्याची मुभा मागून ती गाभाऱ्यात गेली आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने प्राण सोडला, असे परंपरा सांगते. तिला देवळाच्या आवारातच पुरले व तेथे तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे. १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या 'संत कान्होपात्रा' या नाटकातील बालगंधर्वांच्या भूमिकेने ही कथा मराठी घराघरांत पोहोचवली.

कान्होपात्रेचे उपलब्ध अभंग मोजकेच आहेत. परंतु ब्रीदाच्या संकल्पनेचे इतके नेमके उपयोजन अन्यत्र क्वचित आढळते. देव स्वतःला पतितांचा पावनकर्ता म्हणवून घेतो, तर त्याने आपले वचन सांभाळावे, असे ती त्याला स्पष्टपणे बजावते. आपला देह दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याचा कमीपणा देवाकडे येईल, हा तिचा युक्तिवाद आहे. या युक्तिवादात स्वतःच्या पुण्याईचा उल्लेख नाही, जन्माविषयीची क्षमायाचना नाही आणि कुणा गुरूची शिफारसही नाही. तिच्याजवळ आहे ते केवळ देवाचे नाव, आणि त्या नावाचा अर्थ ती शब्दशः घेते.

दामाजीपंत आणि कान्होपात्रा या दोघांनाही बिदरच्या सत्तेने पाचारण केले होते. दामाजीपंतांसाठी देव दरबारात गेला. कान्होपात्रेसाठी तो गेला नाही. तिची सुटका झाली ती मृत्यूने. चरित्रकार या मृत्यूला सायुज्य मानतात व वचन पूर्ण झाले असे सांगतात. भक्तिशास्त्राच्या चौकटीत हे योग्यच आहे. परंतु समीक्षकाने येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. तिच्या अभंगांत मरणाची मागणी आहे काय? माझ्या वाचनानुसार तेथे मागणी आहे ती सांभाळण्याची, आपले म्हणण्याची. स्त्रीच्या देहावर सत्तेने सांगितलेला हक्क नाकारावा, ही ती मागणी होय. चरित्राने दिलेले उत्तर आणि अभंगाने विचारलेला प्रश्न यांत अंतर राहते. हे अंतर बुजवण्याची घाई केल्यास कान्होपात्रेचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो तिच्या मरणाचा गौरव.

५. चोखोबा आणि कर्ममेळा : दाराबाहेरचा भरवसा

चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि मेहुणा बंका हे सारे कुटुंबच अभंगरचना करणारे होते. मंगळवेढ्याच्या तटबंदीचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला. हाडांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. हे वर्ष १३३८ मानले जाते. ही समाधी नामदेव पायरीजवळ आहे, म्हणजे देवळाच्या आत नाही.

चोखोबांच्या चरित्रकथांत देव वारंवार शब्द राखतो. तो रात्री चोख्याचा हात धरून त्याला गाभाऱ्यात नेतो, त्याच्याबरोबर जेवतो आणि चोख्याच्या गालावर बसलेल्या थपडेची सूज देवाच्या गालावर दिसते. या कथा हृद्य आहेत. परंतु चोखोबांच्या अभंगांतील अनुभवविश्व याहून गुंतागुंतीचे आहे. तेथे विठ्ठलरूपाचा निस्सीम आनंद आहे, तसेच शिवाशिवीच्या कल्पनेवर टोकदार प्रश्नही आहेत. आपल्या जन्माचा संबंध पूर्वकर्माशी लावणारे अभंगही आहेत आणि मार खाताना देवाचा धावा करणारेही. 'जोहार' या रचनाप्रकारात तर गावकीच्या व्यवहारातील महाराची भाषा जशीच्या तशी देवासमोर येते. चोखोबांचा भरवसा या सर्व सुरांतून जातो. तो एका सुरात बसवता येत नाही.

कर्ममेळ्याच्या अभंगांत हा भरवसा कडेलोटाच्या टोकावर उभा आहे. हीन मानला गेलेला जन्म कुणी दिला, उष्ट्या अन्नावर जगण्याची पाळी कुणामुळे आली, असा थेट जाब तो देवाला विचारतो. वडिलांच्या अभंगांत आढळणारा पूर्वकर्माचा खुलासा त्याला पुरेसा वाटत नाही. येथे दोषाचा रोख देवाच्या व्यवस्थेवरच येतो. काही अभ्यासकांना यात श्रद्धेचा अभाव जाणवतो. मला ते मत मान्य करता येत नाही. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही त्याला कोणी जाब विचारीत नाही. कर्ममेळा अजूनही देवालाच उद्देशून बोलतो, देवाच्याच छंदात बोलतो. ब्रीदाचा तर्क त्याने शेवटपर्यंत नेला इतकेच. महत्त्वाची बाब अशी की, कर्ममेळ्याच्या प्रश्नाला उत्तर देणारी, चोखोबांच्या कथांसारखी प्रसिद्ध चमत्कारकथा परंपरेने रचलेली नाही. त्याचा प्रश्न तसाच उघडा राहिला. त्यामुळे चरित्राच्या आधाराविना अभंग कसा वाचावा, हे शिकण्याची संधी तो आपल्याला देतो.

६. वचनाचा आधुनिक प्रवास

हा प्रश्न केवळ साहित्यातच उघडा राहिला नाही. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे वर्षे पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना बंद होते. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे ते १० मे १९४७ या काळात पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर मंदिर सर्वांना खुले झाले. पुढे जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्कही संपुष्टात आले. म्हणजे पतितपावन या ब्रीदाची महाद्वारातील पूर्ती उपोषण, कायदा आणि न्यायालय या मानवी मार्गांनी झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाकडे अधिक कठोर दृष्टीने पाहिले. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधाला जोडलेल्या, गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी असे दाखवून दिले की, संतांचा भर मनुष्य आणि देव यांच्यातील नात्यावर होता. मनुष्य आणि मनुष्य यांच्यातील संघर्ष हा त्यांचा विषय नव्हता. देवापुढे सर्व समान, या आश्वासनाने माणसांमधील विषमता मोडत नाही. असे असूनही १९४८ साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. या दोन गोष्टी परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. चोखोबांचा आवाज आदरणीय आहे, परंतु त्या आवाजाला समाजाने दिलेले उत्तर अपुरे आहे, असा त्यांचा एकत्रित अर्थ लावता येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेने, प्रलंबित वचनाची वाट पाहत राहण्याचा मार्गच लाखोंनी सोडून दिला. ब्रीदाच्या संकल्पनेची चर्चा करताना हा निर्णय तिच्यावरील सर्वांत गंभीर भाष्य म्हणून विचारात घ्यावाच लागतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, वारकरी परंपरेतील भरवसा ही केवळ शरणागती नाही. 'ब्रीद' या संकल्पनेमुळे तिच्यात हक्काचा आणि जाब विचारण्याचा आशय अंतर्भूत आहे. भक्त देवावर विसंबतो, तसाच त्याला बांधूनही घेतो.

दुसरा निष्कर्ष असा की, भरवशाचा अनुभव भक्ताच्या सामाजिक स्थानानुसार बदलतो. दामाजीपंतांना पावती मिळाली, कान्होपात्रेला देवाच्या पायाशी मरण मिळाले, चोखोबांना दाराबाहेरची समाधी मिळाली आणि कर्ममेळ्याला उत्तरच मिळाले नाही. देव सर्वांना समान आहे, या विधानाचे मूल्यमापन या चौघांना एकत्र ठेवून करावे लागते.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. महाविद्यालयीन वर्गात अभंग शिकवताना आपण बहुधा आधी चमत्कारकथा सांगतो आणि मग अभंगाकडे वळतो. त्यामुळे विद्यार्थ्याला शेवट आधीच ठाऊक होतो. अभंग लिहिणाऱ्याला मात्र तो ठाऊक नव्हता. शिपाई दाराशी असताना, उपाशीपोटी, महाद्वाराबाहेर उभे राहून या रचना झाल्या, असे परंपराच सांगते. वचन पूर्ण होईल की नाही, हे माहीत नसतानाही त्या वचनाला धरून राहणे, यालाच भरवसा म्हणावयाचे. चरित्र दूर सारावे असे येथे सुचवावयाचे नाही. अभंग आधी आणि चरित्र नंतर, एवढा क्रम बदलला तरी पुरेसे आहे. मंगळवेढ्याच्या या भक्तांनी देवाला विचारलेले प्रश्न त्यामुळे विद्यार्थ्यापर्यंत प्रश्न म्हणूनच पोहोचतील. त्यांची उत्तरे देण्याची काही जबाबदारी देवाबरोबर आपल्यावरही आहे, हे त्याला त्यातून उमजू शकेल.